निकॉन एफ१०० आणि पेन्सिल सेल: आठ महिन्यांनंतर

मागच्या जुलैत सेकंडहँड एफ१०० घेतला. फिल्म रोलचा कॅमेरा, १९९९चा, त्याच्याबद्दल लिहायचं ते लोकांनी केव्हाच लिहून ठेवलंय, मी सेलबद्दल लिहितोय कारण आठ महिन्यांत डोक्याला ताप झाला तो त्यांचाच.

याला चार पेन्सिल सेल (एए) लागतात आणि उजेड मोजणारा मीटर, फोकस, रोल पुढे सरकवणं, रिवाइंड सगळं त्यांच्यावरच. सुरुवातीला कंजूषपणा करून भिंतीवरच्या घड्याळाचे साधे सेल टाकले. त्यांना तर एक रोल पण झेपला नाही, विषय सोडा. मग अल्कलाइन आणले, ऑगस्टभर मस्त चालले, म्हणून तेच घेऊन विसर्जनाला लक्ष्मी रोडवर गेलो. समोर ढोल-ताशा पथक रंगात आलेलं, मी बोट दाबून धरलेलं, कंपनी सांगते ४.५ फ्रेम सेकंदाला, आणि माझ्या कॅमेऱ्याची मोटर रोलगणिक रडत चाललेली, ८०-२०० मिमीची जड एएफ-डी झूम लेन्स फोकसला मागेपुढे डुगडुगतेय (या लेन्सचा फोकसही बॉडीतलीच मोटर फिरवते), शेवटी छत्तीस झाले आणि रिवाइंड अर्ध्यात बंद. निकॉनच्याच एफ४, एफ५ला रोल हाताने गुंडाळायची कळ तरी असते, याला तीही नाही. मला वाटलं मोटर जळाली. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्या काकांनी नवे सेल टाकले, रिवाइंडची दोन बटणं एकत्र दाबली, सर्रर्र करून रोल आत. पैसे घेतले नाहीत, पण ज्या नजरेने बघितलं त्यापेक्षा दोनशे रुपये घेतले असते तर बरं झालं असतं.

भानगड अशी, की अल्कलाइन नवा असताना १.५ व्होल्ट देतो पण त्याचा आतला रेझिस्टन्स जास्त, आणि सेल संपत येतो तसा तो अजून वाढतो. मोटरने एकदम करंट ओढला की व्होल्टेज धाडकन बसतं. नुसता कॅमेरा चालू करून इंडिकेटर बघाल तर सगळं ठीकच दिसेल. निकेल मेटल हायड्राइडचा रिचार्जेबल सेल १.२चाच, पण लोडखाली तिथेच टिकून राहतो, त्यामुळे मोटर शेवटपर्यंत एका सुरात चालते. मित्राच्या एफ५चं पण तेच, आठ अल्कलाइनवर ७.४ फ्रेम, निकॉनच्या रिचार्जेबल पॅकवर ८.

सप्टेंबरपासून असेच रिचार्जेबल, एनिलूप ब्रँडचे दोन सेट वापरतोय. एक वैताग, १.२मुळे इंडिकेटर लवकरच अर्धी बॅटरी दाखवतो. घाबरू नका, पण दुसरा सेट खिशात ठेवा कारण हे सेल संपतात ते फारशी सूचना न देता. चारही सेल एकाच सेटचे हवेत, एक जरी कमजोर असला तरी बाकीच्या तिघांना घेऊन बुडतो. मी मार्करने अ आणि ब लिहिलंय.

डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर लिथियम पेन्सिल सेल नेले होते. थंडीत दमत नाहीत, वजन एकाला जेमतेम १५ ग्रॅम, कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिले तरी चालतात. किंमत मात्र बघवत नाही, म्हणून बॅगेत इमर्जन्सीला एकच सेट. आणि हो, पेन्सिल सेलच्याच मापाचे ३.७ व्होल्टचे १४५०० सेल मिळतात, ते चुकूनही टाकू नका, चार टाकले की जवळजवळ १५ व्होल्ट, कॅमेरा गेलाच समजा.

विसर्जनाला मेलेले ते अल्कलाइन आईने उचलून घड्याळात टाकले. सहा महिने झाले, एक मिनिट मागे नाही.