पहिली कॉन्टॅक्ट लेन्स: रोजची, महिन्याची की सेमी-सॉफ्ट?

चष्म्याऐवजी लेन्स घ्यायचं मनात आलं की लोक आधी कंपनी विचारतात, नाहीतर रंग. त्याआधी ठरवायची गोष्ट वेगळी आहे. लेन्स रोज रात्री टाकून द्यायची, महिनाभर धुऊन वापरायची, की सेमी-सॉफ्टची, म्हणजे नाव तसं असलं तरी कडक असलेल्या लेन्सची, एकच जोडी वर्ष-दोन वर्षं सांभाळायची? याचं उत्तर निम्मं तुमच्या डोळ्यांवर अवलंबून आहे आणि निम्मं तुमच्या सवयींवर. डोळ्यांचा भाग तपासणारा बघतो. सवयींबद्दल मात्र तुम्हालाच स्वतःशी खरं बोलावं लागतं.

चष्म्याचा कागद दाखवून थेट लेन्स मागू नका. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण 12 मिलिमीटर लांब असते, तर लेन्स डोळ्यावरच बसते. त्यामुळे नंबर चारच्या पुढे गेला की हिशेब बदलतो: चष्म्यात उणे 6 असेल तर लेन्स उणे 5.50 च्या आसपास निघते, आणि अधिक 6 असेल तर अधिक 6.50 च्या आसपास. शिवाय लेन्सला वक्रता असते, व्यास असतो. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे कॉर्नियाची, गोलाई मोजल्याशिवाय त्या ठरत नाहीत. अश्रू पुरेसे आहेत का, पापण्यांच्या आत काही सूज किंवा ॲलर्जी आहे का, हेही बघावं लागतं.

मग चाचणीची लेन्स घालून पंधरा-वीस मिनिटं बसवतात. हा वेळ वाया जातोय असं समजू नका. लेन्स स्थिरावली की तपासणारा सूक्ष्मदर्शकातून बघतो: पापणी मिटल्यावर ती किंचित हलते का, आणि परत मध्यावर येते का. घट्ट लेन्स हलत नाही, त्यामुळे सुरुवातीला तीच सगळ्यात आरामदायी वाटू शकते. पण तिच्याखाली अश्रूंची ये-जा होत नाही आणि संध्याकाळपर्यंत डोळा लाल होतो. म्हणून ‘काहीच जाणवत नाही’ एवढ्यावर लेन्स पसंत करू नका.

आता मुख्य निवड. मऊ लेन्समध्ये रोजची आणि महिन्याची असे दोन प्रकार जास्त चालतात. रोजची लेन्स सकाळी पाकिटातून काढायची, रात्री टाकायची. लेन्स ठेवायची डबी नाही, ती धुवायचं सोल्यूशन नाही. अश्रूंमधली प्रथिनं आणि धूळ तिच्यावर दिवसेंदिवस साचत नाहीत, म्हणून ज्यांचे डोळे ॲलर्जीने खाजतात त्यांना ती बहुधा जास्त मानवते. एखादी हरवली, फाटली तर पुढचं पाकीट फोडायचं. रोज घालणाऱ्याला ती महाग पडते आणि कचराही जास्त होतो, हे तिचे तोटे आहेत. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ही लेन्स सोल्यूशनमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी घालायची नसते, काल ती तासभरच वापरली असली तरी.

महिन्याची लेन्स रोज वापरणाऱ्याला स्वस्त पडते, पण ती रोज रात्री काम मागते. हात साबणाने धुऊन, पुसून कोरडे करायचे. लेन्स तळहातावर घेऊन सोल्यूशनने चोळायची, खळखळून धुवायची, डबीत ताजं सोल्यूशन भरायचं. कालच्या उरलेल्यात वरून थोडं ओतायचं नाही. सकाळी डबी रिकामी करून, सोल्यूशननेच धुऊन, उघडी वाळवायची आणि जास्तीत जास्त तीन महिन्यांनी बदलायची. आणि महिना म्हणजे पाकीट उघडल्यापासून 30 दिवस. तीस वेळा घालणं नव्हे. त्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदाच लेन्स लागत असेल, तर सोल्यूशनचा खर्च धरून रोजचीच परवडते.

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्यांदा लेन्स घेणाऱ्याने, नंबर उपलब्ध असेल आणि खर्च झेपत असेल तर, रोजचीपासून सुरुवात करावी. रात्री दमून आल्यावर तुम्ही लेन्स चोळून धुणार आहात का? कधीतरी तशीच डबीत टाकाल असं वाटत असेल, तर महिन्याच्या लेन्समधली बचत डोळ्यांच्या जिवावर होते. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. त्याला ऑक्सिजन मुख्यतः हवेतून मिळतो. लेन्स घालून झोपलं की पुरवठा आणखी घटतो आणि जंतुसंसर्गाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. हे दोन्ही प्रकारांना लागू आहे. पाण्याचंही तसंच. नळाच्या पाण्यात अकांथामिबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो, आणि त्याने झालेला कॉर्नियाचा आजार फार दुखरा, चिवट असतो, दृष्टीही जाऊ शकते. लेन्स किंवा डबी पाण्याने धुवायची नाही, लेन्स घालून पोहायचं नाही.

सेमी-सॉफ्टची गोष्ट निराळी. मऊ लेन्सचा व्यास सुमारे 14 मिलिमीटर, तर हिचा साधारण 9 ते 10. त्यामुळे पापणी मिटताना तिची कड लागते आणि पहिला आठवडा-दोन आठवडे खुपतं. सवय टिकवायची तर नियमित घालावी लागते. धूळ आत गेली तर सणकून टोचते, आणि धक्काबुक्कीच्या खेळात ती निसटून पडू शकते. तरीही कॉर्निया शंकूसारखा पुढे आलेला असेल, म्हणजे केराटोकोनस असेल, तर तिच्याइतकं स्वच्छ मऊ लेन्समधून सहसा दिसत नाही. तिच्याखाली साचलेले अश्रू कॉर्नियाचा उंचसखलपणा भरून काढतात. बसवताना डोळ्यात रंगाचा थेंब घालून निळ्या प्रकाशात बघतात: अश्रू जमलेत तिथे हिरवं चमकतं, लेन्स टेकते तिथे काळसर दिसतं. साध्या नंबरासाठी मात्र मी तिच्याकडे जाणार नाही.

सिलिंडर नंबर, म्हणजे कॉर्नियाची गोलाई सगळीकडे सारखी नसल्यामुळे लागणारा नंबर, पाऊणच्या पुढे असेल तर तो दुरुस्त करणाऱ्या टॉरिक लेन्सबद्दल जरूर विचारा. ती रोजची आणि महिन्याची दोन्हींत मिळते. डोळ्यावर ती फिरली की दिसणं धूसर होतं, म्हणून तिची चाचणी सावकाश होऊ द्या. चाळिशीला टेकलेल्या, उणे नंबर असलेल्यांना लेन्स घातल्यावर जवळचं वाचायला अचानक जड जाऊ शकतं. लेन्समधून जवळ बघताना डोळ्याला चष्म्यापेक्षा जास्त जोर लावावा लागतो, म्हणून चाचणीतच मोबाइल वाचून बघा.

कुठलाही प्रकार घ्या, लेन्स स्वतःच्या हाताने घालता आणि विशेषतः काढता आल्याशिवाय तिथून निघू नका. मऊ लेन्स बोटावर ठेवून बाजूने बघा: कड वाटीसारखी सरळ वर गेली तर बरोबर, बशीसारखी बाहेर पसरली तर उलटी. ती डोळ्याच्या मागे जाईल ही भीती सोडा. पापणीच्या आतली पातळ त्वचा वळून डोळ्याला जोडलेली असते, मागे वाटच नाही.

साधारण आठवड्याने पुन्हा तपासणीला बोलावतात, तेव्हा सकाळपासून लेन्स घालूनच जा. काही तासांनंतर लेन्स डोळ्यावर कशी बसते आहे, हे तेव्हाच कळतं. वक्रता किंवा प्रकार बदलायला सांगितला तर बदला. पण त्याआधीच डोळा दुखला, लाल झाला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागलं, तर त्या तारखेची वाट न बघता लेन्स काढा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.