गुहेसाठी दोर: डायनॅमिक की स्टॅटिक?

सुळके चढणाऱ्या पुणेकरांकडे डायनॅमिक, म्हणजे ताणून पडण्याचा झटका शोषणारा, दोर असतोच. मग मेघालयातल्या चुनखडीच्या गुहांसाठी स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणारा, दोर वेगळा घ्यायचा का?

आधी ताण बघा. 80 किलोच्या भाराने सिंगल (एकेरी वापरायचा) डायनॅमिक दोर 10 टक्क्यांपर्यंत ताणू शकतो; म्हणजे 30 मीटरच्या विवरात 3 मीटर! जुमारने (दोर पकडून वर सरकवायच्या पकडीने) चढताना तो सतत खालीवर होतो, खडकाच्या कडेवर घासतो आणि आवरण फाटतं. स्टॅटिक फारच कमी ताणतो, म्हणून कमी घासतो.

पडल्यावर मात्र उलट. स्टॅटिक झटका शोषत नाही. तो शरीराला आणि अँकरला (दोर खडकात जिथे अडकवतात त्या आधाराला) बसतो.

चिखल दोघांनाही खातो. साध्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा.

बांधलेल्या दोरावरून उतरायचं-चढायचं असेल तर स्टॅटिकच, साधारण 10 मिमीचा. गुहेत लीड करत, म्हणजे वरून दोर नसताना सगळ्यांच्या आधी, वर चढायचं असेल, तर डायनॅमिकही सोबत हवाच.