दादरचं पॉलीक्लिनिक - 'लेडी डॉक्टर हव्यात का' विचारतात, पण फक्त बायकांनाच (साडेतीन स्टार)

स्टेशनपासून चालत पाच मिनिटं, लिफ्ट आहे, एसी जरा जास्तच. सासू-सासरे दोघांना इथेच नेते, त्यामुळे दोन्ही बाजू बघून झाल्यात.

आधी चांगलं. सासूबाईंसाठी फोन लावला तर रिसेप्शनवरची मुलगी सरळ म्हणाली, "ताई, लेडी डॉक्टर हव्यात की कोणीही चालेल? लेडी मंगळवार-शुक्रवार असतात." मुंबईत एवढं नीट कोणी विचारत नाही हो, बाकी ठिकाणी 'जे अव्हेलेबल असतील ते' ऐकायला मिळतं. आणि आमच्या केसमध्ये हा प्रश्न फार मोठा होता, कारण सासूबाईंचं अंग बाहेर येत होतं (गर्भाशय खाली सरकतं ते) आणि हे त्यांनी कितीतरी महिने कोणाला म्हणजे कोणालाच सांगितलं नव्हतं. फॅमिली डॉक्टर पुरुष, त्यांच्याकडे वर्षानुवर्षं बीपी, खोकला, गुडघे सगळं दाखवतात, गप्पा मारतात, पण हे नाही. मलाही सांगितलं ते लेडी डॉक्टर मिळतील म्हटल्यावरच. तेव्हा 'जुन्या वळणाच्या बायका' वगैरे शेरे मारू नका प्लीज, गुडघा दाखवायला लाज नाही आणि हे दाखवायला आहे, एवढं साधं आहे ते.

तसं बघितलं तर ह्या शहराला हे नवीन नाहीये. सासूबाईंची दोन्ही बाळंतपणं कामा हॉस्पिटलमध्ये झाली, ते १८८६ साली सुरू झालं तेच मुळी बायका-मुलांसाठी, बायकाच डॉक्टर असतील असं ठरवून. एडिथ पेची म्हणून डॉक्टर होत्या, त्यांना त्यासाठी इंग्लंडहून आणलं होतं, कारण पुरुष डॉक्टर म्हटलं की कितीतरी घरांतल्या बायका दवाखान्याची पायरीच चढायच्या नाहीत.

आता डॉक्टर कशा? कामाला एक नंबर, बोलायला कोरड्या. बाईमाणूस म्हणजे मायेने बोलणार असं काही नसतं. "इतके दिवस काय करत होतात?" हे पहिलंच वाक्य. पण तपासणी व्यवस्थित, ऑपरेशनची घाई केली नाही, आधी आतून आधाराला रिंग बसवून बघू म्हणाल्या, व्यायाम शिकवले, रिंग कधी काढून धुवायची ते दोनदा समजावलं. सासूबाई खूश. (माझ्या चुलत दिराने लगेच फॉरवर्ड पाठवला, लेडी डॉक्टरकडे गेलात तर जास्त जगाल. तो २०२४ चा अमेरिकेतला अभ्यास आहे, हॉस्पिटलात भरती झालेल्या ६५ च्या पुढच्या पेशंटचा. बायकांमध्ये ३० दिवसांतले मृत्यू लेडी डॉक्टरकडे ८.१५ टक्के आणि पुरुष डॉक्टरकडे ८.३८. म्हणजे फरक जेमतेम पाव टक्का, तेवढ्यासाठी डॉक्टर बदलायला धावू नका.)

पहिला स्टार कापला सोनोग्राफीत. आतून करायची होती, आणि करणारे डॉक्टर पुरुष आहेत हे टेबलावर झोपवल्यावर कळलं. सिस्टर शेवटपर्यंत शेजारी उभी होती, डॉक्टरही सभ्य, तक्रार माणसाची नाहीच. पण फोनवर एवढं विचारलंत ना, मग सोनोग्राफीचंही तेव्हाच सांगा, आम्ही दुसऱ्या दिवशी आलो असतो. सासूबाई मुठी आवळून पडून होत्या.

उरलेला अर्धा सासऱ्यांमुळे. मूळव्याध. त्यांची अपॉइंटमेंट घेताना तीच मुलगी, तोच फोन, पण प्रश्नच नाही. आत गेलो तर सर्जन मॅडम. सासरे एकदम गप्प, नंतर "मला आता बरं वाटतंय" म्हणून उठलेच. मॅडम बिचाऱ्या समजूतदार, हसून म्हणाल्या, "काका, गुरुवारी सर असतात, त्यांना दाखवा, पण दाखवा नक्की, रक्त पडतंय तर टाळू नका." ह्या बाईंना वेगळे पाच स्टार. रिसेप्शनवर मी म्हटलं अगं पुरुषांना का नाही विचारत, तर म्हणे "जेन्ट्सना काही प्रॉब्लेम नसतो ना." कोण म्हणालं? त्यांना असतो, ते फक्त बोलत नाहीत, घरी जाऊन मलम लावत बसतात. ईसीजी काढायला मुलगी होती तेव्हा हेच सासरे शर्ट काढून मजेत गावच्या गोष्टी सांगत होते, म्हणजे त्यांचाही सवाल अंगावरची कुठली जागा दाखवायची ह्याचाच.

फी १२००, दुसऱ्यांदा ६००, गूगल पे चालतं. जाणार असाल तर पेशंट पुरुष असला तरी फोनवर आपणहून विचारा आत कोण असणार आहे, आणि सोनोग्राफी लिहून दिली की तिथेही वेगळं विचारा. गुरुवारी संध्याकाळी गर्दी असते, सहाच्या आधी पोचा.