मॅटप्लॉटलिब आठ महिने वापरून: विंड रोझ, पाऊस-भरतीचा आलेख आणि मराठी अक्षरं

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या वाऱ्याच्या आणि पावसाच्या नोंदींचे आलेख काढण्यासाठी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं मॅटप्लॉटलिब, आवृत्ती ३.८, आठ महिने रोजच्या वापरात आहे. जॉन हंटर यांनी २००३ मध्ये आणलेली ही लायब्ररी रेषेचा किंवा खांबांचा साधा आलेख दोन ओळींत काढून देते, त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. खरी परीक्षा होते ती तयार फंक्शन नसलेल्या आलेखांत. तिथे ही लायब्ररी कशालाच नाही म्हणत नाही. पण मूळ सेटिंगवर विसंबून राहिलं तर आलेख नुसता बेढब होत नाही, चुकीची माहिती देतो.

विंड रोझचंच बघा, म्हणजे कोणत्या दिशेने किती वेळ आणि किती जोराचा वारा आला ते पाकळ्यांनी दाखवणारा वर्तुळाकार आलेख. नवी मुंबईत पूर्वेला पारसिकची डोंगररांग, पायथ्याशी टीटीसी औद्योगिक पट्ट्यातले कारखाने, मग ठाणे-बेलापूर रस्ता, त्याच्या पश्चिमेला ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी आणि शेवटी खाडी. दिवसा वारा खाडीवरून डोंगराकडे जातो, हिवाळ्यातल्या रात्री उलटा वाहतो. वर्षभराचा एकच विंड रोझ काढला की पावसाळ्यातला नैऋत्येचा जोरदार वारा बाकी सगळं झाकून टाकतो आणि कारखान्यांकडून वस्तीकडे येणारी रात्रीची हवा दिसतच नाही. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या नोंदी वेगळ्या काढा आणि सकाळी १० ते संध्याकाळी ६, रात्री १० ते पहाटे ६ असे दोन विंड रोझ शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींची त्रिज्येची कमाल मर्यादा हाताने सारखी द्या. लायब्ररीवर सोडलं तर प्रत्येक चित्र आपापल्या आकड्यांप्रमाणे ताणलं जातं आणि तुलनेला अर्थ उरत नाही.

अक्ष घेताना प्रोजेक्शन ‘पोलर’ (वर्तुळाकार) द्यायचं. मूळ सेटिंगमध्ये शून्य अंश उजवीकडे असतो आणि कोन घड्याळाच्या उलट दिशेने वाढतो. त्यामुळे सेट_थीटा_झिरो_लोकेशनला ‘एन’ आणि सेट_थीटा_डिरेक्शनला उणे १, या दोन्ही ओळी हव्यातच. दुसरी विसरली तर उत्तर बरोबर वर येते, पण पूर्व-पश्चिम अदलाबदल होऊन खाडी डोंगराच्या जागी जाते. आणि वर उत्तर दिसली की कोणी पुढे तपासत नाही. कोन रेडियनमध्ये द्यायचे. अंशांतले आकडे तसेच दिले तर पाकळ्या कुठेही पडतात, एकमेकींवर चढतात.

१६ दिशांत वाटणी करायची तर एक भाग २२.५ अंशांचा. उत्तरेचा भाग ३४८.७५ पासून ११.२५ पर्यंत, म्हणजे शून्याच्या दोन्ही बाजूंना. नुसता हिस्टोग्राम शून्यापासून कापत जातो आणि उत्तरेचे दोन तुकडे करतो. उपाय सोपा: प्रत्येक दिशेत ११.२५ मिळवा, ३६०ने भागून बाकी घ्या, तिला २२.५ने भागून पूर्णांक तेवढा ठेवा. पाकळीची रुंदी पूर्ण २२.५ न ठेवता तिच्या ०.९ पट ठेवली की कडा सुट्या दिसतात. वेगाचे गट (०.५ ते २, २ ते ४, ४ ते ६ आणि ६ मीटर प्रतिसेकंदाच्या वर) एकावर एक रचताना बॉटममध्ये (पाकळीचा तुकडा जिथून सुरू होतो तो आकडा) आधीच्या गटांची बेरीज द्यायला विसरू नका.

वारा पडलेला असताना अनेक यंत्रं दिशा ० नोंदवतात. त्या नोंदी गाळल्या नाहीत तर उत्तरेची पाकळी खोटीच फुगते. ०.५पेक्षा कमी वेगाच्या नोंदी बाजूला काढा, सेट_आरओरिजिनला ऋण आकडा देऊन मधोमध पोकळी करा आणि शांत हवेची टक्केवारी तिथे लिहा. लायब्ररीची ही सोय खरोखर सुरेख आहे. आणखी एक: बाहेरच्या कड्यात तेवढीच टक्केवारी जास्त जागा व्यापते, त्यामुळे जोरदार वाऱ्याला भडक रंग दिला की तो आहे त्याहून मोठा भासतो. एकाच रंगाच्या फिक्यापासून गडद छटा वापरा. कड्यांचे आकडे सेट_आरलेबल_पोझिशनने रिकाम्या दिशेला सरकवा.

पाऊस आणि भरती एकत्र दाखवायचा आलेख वेगळ्या ठिकाणी अडवतो. भरती ४.५ मीटरच्या वर आणि त्याच वेळी मुसळधार पाऊस म्हणजे पाणी साचणार, हे गणित इथल्या सखल भागांत राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. खाली भरतीची रेषा, वरून खाली लोंबणारे पावसाचे खांब, अशी मांडणी सगळ्यात स्वच्छ वाचता येते. ट्विनएक्सने दुसरा अक्ष घ्या आणि त्याची मर्यादा उलटी द्या, समजा १५० ते ०. तारखांच्या अक्षावर खांबाची रुंदी दिवसांत मोजली जाते. मूळची ०.८ म्हणजे जवळपास १९ तास, म्हणून ताशी पावसाचे खांब एकमेकांत मिसळून सलग भिंत उभी राहते. रुंदी १/२४ द्या आणि अलाइन ‘एज’ ठेवा, कारण तो पाऊस त्या तासाभरात साठलेला असतो.

भरतीच्या तक्त्यात फक्त भरती-ओहोटीच्या वेळा आणि उंची असते. ते बिंदू सरळ रेषांनी जोडले तर करवतीचे दात दिसतात आणि पाणी ४.५ मीटरच्या वर किती वेळ होतं तेही चुकतं. दोन बिंदूंच्या मध्ये कोसाइनचा अर्धा फेरा बसवून दर १० मिनिटांची उंची काढा. मग फिल_बिटवीनमध्ये ‘व्हेअर’ची अट द्या आणि इंटरपोलेट चालू ठेवा, नाहीतर रंगवलेल्या भागाच्या कडा रेषेला भिडत नाहीत. मुंबईचे तक्ते अपोलो बंदरासाठी असतात. ठाण्याच्या खाडीत आत येईपर्यंत भरतीची वेळ मागे पडते, ही टीप आलेखाखाली हवीच.

भरतीची रेषा खांबांच्या पुढे आणायची तर पहिल्या अक्षाचा झेडऑर्डर (थरांचा क्रम) वाढवा आणि त्याचा पॅच (पार्श्वभूमीचा चौकोन) अदृश्य करा. हे दुसरं राहिलं तर पांढऱ्या पार्श्वभूमीमागे पाऊस गायब होतो. स्वतःचा डेटफॉर्मॅटर (तारीख-वेळ छापणारा भाग) लावताना टाइमझोन दिला नाही, तर टाइमझोनसहित असलेल्या वेळा युटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) छापल्या जातात आणि सकाळचे ८:३० पहाटेचे ३:०० होतात. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८:३० ते ८:३० असा मोजला जातो, त्यामुळे ही चूक चांगलीच महागात पडते.

आता मराठी अक्षरं, आणि इथे तक्रार आहे. मूळच्या डेजाव्हू सॅन्स फॉन्टमध्ये देवनागरी नाही, नुसते चौकोन उमटतात. फॉन्टच्या यादीत नोटो सॅन्स देवनागरी आधी आणि डेजाव्हू नंतर दिला की अक्षरं येतात. ‘ठाणे’, ‘वाशी’, ‘ऐरोली’ लिहून पाहिलं तर काम झालं असं वाटतं. तिथेच फसगत होते, कारण या शब्दांत ना ऱ्हस्व वेलांटी आहे, ना जोडाक्षर. ‘दिघा’ लिहा, वेलांटी ‘द’च्या मागे जाऊन पडते. ‘तुर्भे’चा रफार चढत नाही. ‘पश्चिम’मध्ये तर ‘श’चा पाय मोडलेला आणि वेलांटी ‘च’नंतर, असे दोन्ही दोष एकाच वेळी दिसतात. चाचणीसाठी हाच शब्द वापरा. ३.८मध्ये नेहमीचं पीएनजी (ठिपक्यांचं चित्र) करताना लायब्ररी अक्षरं एकामागून एक ठेवत जाते, जोडाक्षरांची जुळणी करतच नाही. फॉन्ट बदलून हे सुटत नाही.

चालणाऱ्या वाटा तीन. एसव्हीजी (रेषांच्या रूपात साठवलेलं चित्र) काढताना एसव्हीजी.फॉन्टटाइप ‘नन’ ठेवलं तर मजकूर मजकूर म्हणूनच राहतो आणि ब्राउझर तो बरोबर जुळवतो. मात्र वाचणाऱ्याच्या संगणकावर फॉन्ट हवा. छापायच्या पीडीएफसाठी पीजीएफ बॅकएंड (आलेख लाटेक्सच्या हवाली करणारा भाग) आणि झीलाटेक्स हा अक्षरजुळणीचा प्रोग्राम: पीजीएफ.आरसीफॉन्ट्स बंद करून प्रिअँबलमध्ये (सुरुवातीच्या सूचनांत) स्क्रिप्ट देवनागरी द्यायची. हा मार्ग संथ आहे, पण अक्षरं छापखान्यासारखी येतात. पीएनजीच हवं तर एमपीएलकैरो हा पर्यायी बॅकएंड, अक्षरजुळणी करणाऱ्या राक्म लायब्ररीसकट. अक्षावरचे आकडे देवनागरीत आणायला फंकफॉर्मॅटरमध्ये अंकांची अदलाबदल पुरते. ॲक्सीज.युनिकोड_मायनस बंद ठेवा, म्हणजे उणे चिन्हाच्या जागी चौकोन येणार नाही.

आलेख फक्त वेबवर दाखवायचे असतील तर प्लॉटली ही दुसरी लायब्ररी घ्या. अक्षरजुळणी ब्राउझर करतो, वर्तुळाकार खांबही तयार मिळतात. छापील अहवालात दोन स्तंभांच्या मापात मिलिमीटरने बसवायचं असेल तर मॅटप्लॉटलिबला पर्याय नाही. ६ बाय ४ इंच आणि ३०० डीपीआय म्हणजे नेमके १८०० बाय १२०० पिक्सेल. पण सेव्ह करताना बीबॉक्स ‘टाइट’ (कडेची मोकळी जागा छाटणारं सेटिंग) दिलं की हे माप हलतं, त्याऐवजी लेआउट ‘कन्स्ट्रेन्ड’ वापरा. आणि १२ महिन्यांचे दिवस-रात्र असे २४ विंड रोझ एकाच लूपमध्ये काढणार असाल तर प्रत्येक सेव्हनंतर पीएलटी.क्लोज लिहा. उघड्या आकृत्या २०च्या वर गेल्या की लायब्ररी इशारा देते, पण तो देऊन पुढे चालत राहते आणि मेमरी भरत जाते.