गेटवेला इंडिया गेट म्हणणारा डबा
५ पैकी ३ तारे

पंधरा ऑगस्टच्या आधी बालवाडीसाठी मागवला. राष्ट्रीय प्रतीकं आणि वास्तूंची ३६ कार्डं, एक लाकडी झेंड्याचं कोडं, ५४९ रुपये. वर्गात २२ पोरं, सगळ्यात धाकटा साडेतीन वर्षांचा. तीन आठवडे वापरून मगच लिहितेय.

आधी झेंडा, कारण पैसे वसूल झाले ते त्याच्यावरच. तीन पट्ट्या आणि पांढऱ्या पट्टीच्या खाचेत बसणारं निळं चक्र. तिन्ही पट्ट्या एकाच मापाच्या, त्यामुळे कुठलीही कुठंही बसते. सुरुवातीला वाटलं, हे काय, चुकलं तरी बसतंय! पण नंतर त्यातली गंमत कळली. पट्ट्या मापात बसल्या म्हणून पोरं टाळ्या पिटतात आणि मग भिंतीवरच्या झेंड्याकडं बघून एकदम गप्प होतात. मी फक्त एवढंच सांगितलं, ‘हिरवं गवत पायाखाली.’ चार दिवसांत सगळ्यांचा झेंडा सरळ झाला. काठ नीट घासलेत, कुसळ लागत नाही. रंग चाटला तरी जात नाही, आमच्याकडं चाटून झालाय. एकच खोट, खऱ्या झेंड्याची लांबी-उंची ३:२, हा मात्र जवळजवळ चौरस. बुटका दिसतो.

आता कार्डं. कागद जाड, कोपरे गोल, पाणी सांडलं तर पुसून घ्यायचं. मागच्या बाजूला मोठ्यांसाठी दोन-दोन ओळी आहेत, त्यातल्या काही चांगल्या आहेत. वाघ १९७३ पासून राष्ट्रीय प्राणी, त्याआधी तो मान सिंहाचा होता, हे बरोबर दिलंय. मराठी मात्र कुणाकडून करून घेतलंय देव जाणे. डॉल्फिनच्या खाली ‘राष्ट्रीय जलीय प्राणी’. अहो, जलचर म्हणा की! हॉकीच्या कार्डावर बिनधास्त ‘राष्ट्रीय खेळ’ छापलंय. सरकारनं असा कुठलाच खेळ जाहीर केलेला नाही. ते कार्ड मी कपाटात ठेवलं.

चक्राची चूक मात्र माझ्या नाही, पोरीच्या लक्षात आली. मोठ्या गटातली एक जण लाकडी चक्राच्या एकेका आऱ्यावर चिंचोका ठेवत होती. २४ लागले. तेच चिंचोके उचलून तिनं झेंड्याच्या कार्डावर मांडले आणि मूठ पुढं केली, ‘बाई, आठ उरले.’ मी स्वतः दोनदा मोजले. कार्डावरच्या चक्राला आरे १६च! माझा अंदाज असा, की चित्रकारानं कोणार्कच्या रथाचं चाक समोर ठेवून काढलं असणार. त्या चाकाला आठ जाड आणि आठ बारीक असे १६ आरे असतात, आणि ते कार्ड याच डब्यात आहे.

सगळ्यात वाईट चूक गेटवेची. फोटो सरळसरळ मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाचा, मागं समुद्रसुद्धा दिसतोय, आणि खाली ठळक अक्षरांत ‘इंडिया गेट, नवी दिल्ली’. मे महिन्यात मामाकडं मुंबईला जाऊन आलेला एक पठ्ठ्या ताडकन उभा राहिला, ‘हितं आम्ही होडीत बसलो!’ घारापुरीला गेले होते ते. आता त्याला काय सांगू, की दिल्लीत समुद्र आहे? गेटवे पंचम जॉर्जच्या १९११च्या भेटीची आठवण म्हणून उभा राहिला आणि १९२४ला खुला झाला. इंडिया गेट लढाईत गेलेल्या सैनिकांसाठी, त्यावर त्यांची नावं कोरलेली. साडेतीन वर्षांच्या पोराला यातलं काही सांगायचं नसतं, कबूल. पण नाव तरी त्याचं त्याला द्या.

राजमुद्रेचं कार्ड सुबक आहे, पण त्यावर तीनच सिंह दिसतात, चौथा पाठीमागं असतो हे मागं लिहिलेलंच नाही. आम्ही शाडूचे चार सिंह केले, एका डबीभोवती पाठीला पाठ लावून बसवले आणि पोरांना भोवती फिरायला लावलं. कुठूनही बघा, एक लपतोच. नंतर दोन रुपयांचं नाणं हातात दिलं तर त्याच्यावरचे सिंह लगेच ओळखले. एकानं नाणं उलटं करून चौथा शोधला. तिथून विषय नोटांवर गेला. पर्समध्ये वीसची नोट होती तिच्यावर वेरूळ, पन्नासच्या नोटेवर हम्पीचा रथ, पाचशेच्या नोटेवर लाल किल्ला. डब्यातल्या कार्डांपेक्षा ही छपाई बिनचूक, काय बोलायचं.

चुकांचे फोटो काढून विक्रेत्याला पाठवले. उत्तर लगेच आलं, ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व, बदली माल पाठवत आहोत.’ पाच दिवसांत नवा डबा हजर. उघडून बघते तर तोच! तेच १६ आरे, तोच दिल्लीतला समुद्र. जुना परत न्यायला कुणी आलं नाही, फोनवर म्हणाले, ठेवा तुमच्याकडंच.

आता सगळी कार्डं दोन-दोन झालीत, म्हणून पालथी घालून जोड्या लावायचा खेळ सुरू केलाय. मोराची जोडी कुणाला लागते यावरून रोज भांडणं. गेटवेच्या दोन्ही कार्डांवर मार्करनं खाडाखोड करून ‘मुंबई’ लिहिलंय, त्यामुळे ती दोन लांबूनही ओळखू येतात आणि होडीवाला पहिल्या फटक्यात उचलतो.