साखळी, कॅमेरा की आणखी एक पंच?

न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या मुलांच्या फुटबॉल लीगमध्ये (अमेरिकन फुटबॉल, पायाने खेळायचा नव्हे) पुढच्या हंगामाच्या पैशांवरून चर्चा चालू आहे. काही पालकांना मोजमापासाठी नवी सामग्री (दोन काठ्यांमध्ये बांधलेली दहा यार्डांची साखळी) हवी आहे, काहींना साइडलाइनवर व्हिडिओ कॅमेरे, तर काहींना दर सामन्याला एक जादा पंच. तुमच्याकडेही असाच विषय निघाला असेल तर हा आढावा उपयोगी पडेल. तीन वर्षं मी हायस्कूलच्या सामन्यांत साखळीची काठी धरून उभा राहतोय, त्यामुळे माझं मत ठाम आहे.

आधी एक गोष्ट वेगळी करून घ्या. बॉल कुठे ठेवायचा हा एक निर्णय. ठेवलेल्या बॉलपासून गाठायच्या रेषेपर्यंतचं अंतर मोजणं हे दुसरं काम. भांडणं बहुतेक पहिल्यावरून होतात आणि पैसे मात्र दुसऱ्यावर खर्च केले जातात.

एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये, हेच दिसतं. 2025 च्या हंगामापासून तिथे मोजमाप हॉक-आय ही कॅमेऱ्यांची यंत्रणा करते. सहा 8के कॅमेरे आणि साधारण अर्धं मिनिट, म्हणजे साखळी मैदानात ओढत आणण्यापेक्षा सुमारे 40 सेकंद वाचतात. साखळ्या साइडलाइनवर आहेतच, पण पर्याय म्हणून. मात्र कॅमेरे मोजतात ते पंचाने बॉल ठेवल्यावर. ठेवतो अजूनही माणूसच. पंच नऊ सेंटिमीटर चुकला तर यंत्र ती चूक अगदी अचूक मोजून देतं.

जानेवारी 2025 मधला एएफसीचा (एनएफएलच्या दोन गटांपैकी एका गटाचा) अंतिम सामना आठवा. चौथ्या क्वार्टरमध्ये बफेलो 22–21 ने पुढे होती. कॅन्सस सिटीच्या 41 यार्डांवर चौथा डाऊन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार संधींतली शेवटची), हवा होता एक यार्ड. बफेलोचा जॉश अ‍ॅलन बॉल घेऊन माणसांच्या ढिगात शिरला. दोन्ही साइडलाइनवरून पंच धावत आत आले ते वेगवेगळ्या जागांवर. शेवटी कमी पडला असं ठरलं, रिप्लेतही तेच कायम राहिलं, आणि बफेलो 32–29 ने हरली. बॉलची लांबी असते जेमतेम 28 सेंटिमीटर. वाद होता तो त्याच्याही एखाद्या तुकड्याएवढा. तिथे साखळी असो की कॅमेरा, फरक काहीच पडला नसता, कारण ढिगाखालचा बॉल कोणालाच धड दिसत नव्हता.

बॉलमधल्या चिपचं काय, असं आमच्याकडे एकाने विचारलं. एनएफएलच्या बॉलमध्ये 2017 पासून चिप आहे. ती बॉल कुठे आहे ते सांगते, पण धावणाऱ्याचा गुडघा कधी टेकला, म्हणजे खेळ कधी थांबला, ते तिला कळत नाही. आणि सगळा खेळ त्या ‘कधी’चाच आहे.

फॉरवर्ड प्रोग्रेस, म्हणजे धावणाऱ्याची आगेकूच जिथे थांबली ती जागा, हाही त्यातलाच प्रश्न. धावणारा 34 यार्डांपर्यंत पोचला, बचाववाल्याने त्याला उचलून 31 वर आणून आपटलं, तर बॉल 34 वरच ठेवायचा, तोही त्याचं पुढचं टोक जिथे होतं तिथे. पण तोच मुलगा वाट शोधायला आपणहून मागे पळाला आणि मग पकडला गेला, तर पकडला तीच जागा. ढकललं की स्वतः वळला, हे ओळखायला पंचाला धावणाऱ्याच्या रेषेत, त्याला काटकोनात उभं राहावं लागतं. मागून पाहणाऱ्याला बॉल अंगाआड जातो.

यात रिप्लेही सगळीकडे कामाला येत नाही. 6 जानेवारी 2018 ला कॅन्सस सिटीत टेनेसीचा मारियोटा पाडला गेला, बॉल सुटला आणि तो यजमानांच्या हातात आला. पंचांनी ठरवलं की त्याची आगेकूच आधीच थांबली होती. या निर्णयाला रिप्ले नाही. पुढे टेनेसीने तिथूनच फील्ड गोल (लाथेने बॉल खांबांमधून मारून मिळणारे तीन गुण) मारला आणि सामना 22–21 ने जिंकला.

साइडलाइनच्या चांगल्या पंचाचं काम जवळून बघायला मिळतं म्हणून मी काठी सोडत नाही. धावणारा पडला त्या रेषेवर तो पुढचा पाय रोवतो आणि सरळ काटकोनात आत येतो. नजर बॉलवर असते, पाय त्या रेषेवरून ढळत नाही. समोरच्या बाजूचा पंच त्याच्याकडे पाहतो. ज्याला नीट दिसलं त्याने ठरवलेली जागा दुसरा मान्य करतो. आमच्या लीगमध्ये आतापर्यंत साइडलाइनवर पंच एकच होता. पलीकडच्या बाजूचा बॉल मधला पंच पाठमोऱ्या अंगांवरून अंदाजाने ठेवायचा, आणि दर शनिवारी एखादा प्रशिक्षक तिथेच तावातावाने बोलायचा.

साखळी वाईट नाही. दहा यार्ड, दोन काठ्या आणि पाच यार्डांच्या रेषेवर लावायची क्लिप, एवढंच तिचं सामान. ती पालकही सांभाळू शकतात. मोजायला जाणारा वेळही वाचवता येतो. बॉल दुसऱ्या संघाकडे गेला की नवी सुरुवात पूर्ण यार्डाच्या रेषेवर करायची. मग गाठायची जागाही रेषेवरच येते आणि बहुतेक वेळा साखळी आत आणावीच लागत नाही. अनेक पंच हायस्कूलमध्ये हे करतात. खर्च शून्य.

साइडलाइनवरचा व्हिडिओ मी नाही म्हणेन. एका कोनातून घेतलेल्या चित्रात बॉल पुढे-मागे सरकल्यासारखा दिसतो, मुलांच्या सामन्यात तो थांबवून बघायला वेळ नसतो, आणि पंचावरचा विश्वास मात्र उगाच कमी होतो.

म्हणून समितीत माझं मत असं: जुनी साखळी तशीच ठेवा, कडी झिजली असेल तर बदला, आणि उरलेले पैसे पलीकडच्या साइडलाइनवर एक पंच उभा करायला लावा. नवीन असला तरी चालेल, पण पहिले दोन शनिवार त्याला अनुभवी पंचाच्या मागे चालू द्या. पाय कुठे रोवायचा हे तिथेच कळतं.