सेकंडहँड पेडल स्टील गिटार घेताना मी कसा फसलो

ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, का ते पुढे येईलच. विकणाऱ्याचंही नाही. पण आपल्यातलं कोणी इकडे अमेरिकेत पेडल स्टील घ्यायच्या विचारात असेल तर त्याने हे आधी वाचावं, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

मी मूळचा मिरजेचा, आता बारा वर्षं डॅलसजवळ. लहानपणी घरी व्हॅन शिप्लेची हवाइयन गिटार वाजायची, हिंदी गाण्यांच्या धुना, तेव्हापासून त्या घसरत्या सुराचं वेड. शिकलो तेही हवाइयनच, मांडीवर आडवी घेऊन, हातात बार, म्हणजे तारांवर सरकवायची धातूची कांडी. इथे आल्यावर एका डान्स हॉलमध्ये पेडल स्टील पहिल्यांदा समोर बघितली आणि विषय संपला. माणूस बसलेला, दोन्ही हात तारांवर, पाय पेडलवर, गुडघे खालचे लिव्हर ढकलतायत, आणि बार जागचा हलत नाही तरी तीन सुरांतला एकच सूर सरकत दुसरीकडे जातोय. मींडच की ही, पण कॉर्डच्या पोटातली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नेहमीच्या ई नाइन ट्यूनिंगला दहा तारा, तीन पेडल आणि चार-पाच नी-लिव्हर. पहिलं पेडल दाबलं की बी चा सी शार्प होतो, दुसरं दाबलं की जी शार्पचा ए. तिसऱ्या फ्रेटवर बार ठेवून नुसतं वाजवलं तर जी मेजर, ही दोन पेडल दाबली की तिथल्या तिथे सी मेजर. हे सगळं करतात त्या पोटाखालच्या सळ्या, बेलक्रँक (ओढ वळवणारे छोटे दांडे), स्प्रिंगा आणि उजव्या टोकाचा चेंजर, म्हणजे तारा ताणणारी-सैल करणारी यंत्रणा. वरून गिटार, खालून सायकलचं दुकान.

आता पैशाचं. नवी प्रोफेशनल सिंगल नेक (तारांचा एकच संच असलेली) म्हणजे तीन-चार हजार डॉलर तरी जातातच. शो-बड, एमन्स, एमएसए ही नावं सगळ्यांच्या तोंडी. शो-बड म्हणजे शॉट जॅक्सन आणि बडी एमन्सने नॅशव्हिलला काढलेली, पुढे एमन्स स्वतःच्या नावाच्या गिटारकडे गेला, आणि एमएसए तर डॅलसचीच. जुन्या असल्या तरी चांगल्या स्थितीतल्या स्वस्त नाहीत. म्हणून मी वळलो कोणी फारसं नाव न ऐकलेल्या ब्रँडकडे. एक जाहिरात दिसली, तीन पेडल चार लिव्हर, 'फक्त ट्यूनिंग करून घ्या', १,९०० डॉलर.

मग तीन आठवडे मी फक्त मतं गोळा केली. वाजवणारे भेटतील तिथे विचारायचं, ही घेऊ का. एक म्हणाला नावावर जाऊ नकोस, पेडल स्टील घेतो म्हणजे आपण चेंजर घेतो, बाकी सगळं फर्निचर. दुसरा म्हणाला वाजेल छान पण एखादा पार्ट तुटला तर कुठून आणशील, कंपनी कधीच बंद पडली. तिसऱ्याचं म्हणणं, विकायला काढशील तेव्हा निम्मेही येणार नाहीत. आणि एक जण भेटला ज्याच्याकडे त्याच ब्रँडची वीस वर्षं होती, बारमध्ये, चर्चमध्ये, सगळीकडे वाजवलेली, एक सळीसुद्धा बदलली नाही म्हणाला. झालं, मी तेवढं एकच मत खिशात घातलं आणि बाकी तिघांना नमस्कार. आपल्याला जे ऐकायचं असतं ते सांगणारा एक तरी भेटतोच.

विकणारा साठीचा, एकदम सभ्य. गिटार दिवाणखान्यात गालिच्यावर लावून तयार, अँप चालू. मी म्हटलं जरा वाजवून दाखवा. इतकं गोड वाजवलं राव, जी वरून सी, सी वरून परत जी, डोळे मिटून. मी म्हटलं लिव्हर वापरून दाखवता का, तर म्हणाला गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, गुडघा बाजूला नेता येत नाही. आता यावर काय बोलणार? उलट मीच वाईट वाटून घेतलं. मी बसलो, गुडघ्याने लिव्हर ढकलून बघितले, चारही हलत होते, स्प्रिंग व्यवस्थित परत यायची. पण मी तेव्हा हवाइयनवाला, कुठल्या लिव्हरने कुठली तार किती चढते-उतरते ते कानात नव्हतंच. घासाघीस करून १,६५० ला ठरलं. पैसे फोनवरून, आणि त्याच्या सांगण्यावरून 'मित्र-नातेवाईक' असा पर्याय टाकून, म्हणजे म्हणे फी लागत नाही. फी लागली नाही हे खरंच, फक्त खरेदीला जे संरक्षण मिळतं तेही त्यात मिळत नाही.

घरी आल्यावर दोन दिवस आनंदात. तिसऱ्या दिवशी धडा सुरू केला, त्यात डाव्या लिव्हरने ई चा एफ करायचा होता. ढकलतोय, ढकलतोय, ई आपला ई च. शेवटी गिटारचे पाय काढून ती रजईवर उलटी केली आणि टॉर्च मारला. चारपैकी दोन लिव्हरना पुढे काही जोडलेलंच नव्हतं. ब्रॅकेट आहे, स्प्रिंग आहे, सळी नाही! गुडघ्याला खरं वाटावं एवढ्यापुरती सोय. बायको बाजूला उभी, ती म्हणाली, "मिरजेचा ना तू?" आणि आत निघून गेली.

लागलं ते मला. कारण आमच्याकडे सतारमेकर गल्लीत तंबोरा घ्यायला गेलेला माणूस भोपळा फिरवून बघतो, टिचकी मारतो, जोडावर बोट फिरवतो, मग तारा छेडतो. त्या गावात वाढलेल्या माणसाने १,६५० डॉलर मोजताना वाद्य एकदा उलटं करून बघितलं नाही.

फोर्ट वर्थकडे एक म्हातारे मेकॅनिक आहेत, त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी आधी ट्यूनर लावला, चौथी तार, ई, वाजवली आणि वाजत असतानाच पहिली दोन पेडल दाबली. या पेडलांचा त्या तारेशी काही संबंध नाही, पण काटा सरळ वीस सेंट खाली (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). ओढ पडली की लाकूड वाकतं आणि न ओढलेल्या ताराही उतरतात, याला हे लोक कॅबिनेट ड्रॉप म्हणतात, थोडा सगळ्यांतच असतो पण चांगल्या वाद्यात दोन-चार सेंट. वीस म्हणजे आत काहीतरी फुटलंय. निघालंच, चेंजरखाली लाकडाला भेग आणि वरून नवीन लॅमिनेट चिकटवलेलं. चेंजर कुठल्यातरी विद्यार्थी मॉडेलचा, ओतीव धातूचा, त्याचे फिंगर, म्हणजे ज्यांवरून तारा जातात ते तुकडे, झिजलेले. दुरुस्तीचे ९०० सांगितले, आणि तेही "मी तुझ्या जागी असतो तर केलं नसतं" असं म्हणून.

मग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि समोरची ब्रँडची पाटी काढली. पाटीखाली पुटी भरलेली चार जुनी भोकं, वेगळ्याच मापाची, आधी तिथे दुसरी पाटी होती. म्हणजे तीन आठवडे ज्या ब्रँडबद्दल मी गावभर मतं विचारत फिरलो, त्या ब्रँडची ही नव्हतीच. तो वीस वर्षंवाला खरंच बोलत होता, फक्त दुसऱ्याच गिटारबद्दल.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, जशी होती तशी दिली, तू स्वतः बसून बघितलीस की. हे चूक कसं म्हणू? दुसऱ्यांदा फोन उचलला नाही. पेमेंटवाल्यांनी सांगितलं की तुम्ही भेट म्हणून पैसे पाठवलेत.

तुम्ही घेत असाल तर एवढं करा, उलटी करून सगळ्या सळ्यांचा फोटो मागा आणि प्रत्येक लिव्हर एकेकटा, ट्यूनर दिसेल असा, व्हिडिओ कॉलवर दाबायला लावा. गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर हाताने दाबू दे, हाताने दाबता येतो तो. आणि चौथ्या तारेची ती टेस्ट, तिला एक मिनिट लागतं. वाजवता येत नसेल तर वाजवणारा माणूस सोबत न्या, चहा-जेवण घालून न्या.

गेल्या आठवड्यात त्याच माणसाची नवीन जाहिरात दिसली. या वेळी डबल नेक, पाटी एकदम मोठ्या ब्रँडची, गालिचा तोच. बायकोच्या अकाउंटवरून मेसेज टाकलाय की खालच्या बाजूचा फोटो पाठवा. चार दिवस झाले, 'सीन' दाखवतंय.